‘गिटार वाजवा, राजकारण नको’ : सन सिटी ते वेम्बली, एक धागा

१.
रॉक वादकाने दोन गाण्यांच्या मध्ये एखाद्या कैद्याचे नाव घेतले किंवा एखाद्या मृताला गाणे अर्पण केले, की एक आक्षेप हमखास उमटतो : ‘तिकीट गाण्यांचे काढले आहे, भाषणाचे नाही. गिटार वाजवा, राजकारण नको.’ आक्षेप समंजस वाटतो. त्यामागचे गृहीतक असे की रंगमंच ही मुळात स्वच्छ, निःपक्ष जागा आहे आणि कलावंत तिथे बाहेरून राजकारण आणतो. वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेच्या इतिहासावर हे गृहीतक तपासले तर त्यातले काहीच शिल्लक राहत नाही.

२.
१९४८ साली नॅशनल पार्टी सत्तेवर आली आणि १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने प्रत्येक माणसावर वंशाचा शिक्का बसला. कुठे राहावे, कोणत्या शाळेत जावे, कोणाशी लग्न करावे, हे त्या शिक्क्यावर ठरे. मैफलही यातून सुटली नाही. डिसेंबर १९६४ मध्ये ब्रिटिश गायिका डस्टी स्प्रिंगफील्ड केप टाऊनजवळ गोऱ्या-काळ्या मिश्र श्रोत्यांसमोर गायली आणि सरकारने तिला देशाबाहेर काढले. हद्दपारीला कारण ठरले ते तिचे गाणे नव्हे. सगळे एका छताखाली बसले, हे होते. त्या सभागृहात राजकारण गायिकेने आणले नव्हते. ते खुर्च्यांच्या रांगांत आधीच बसलेले होते.

३.
आता सन सिटी. वर्णभेदी राजवटीने काळ्या बहुसंख्याकांसाठी देशाची जेमतेम १३ टक्के जमीन ‘होमलँड’ म्हणून राखली आणि त्यांतल्या काही तुकड्यांना ‘स्वतंत्र देश’ घोषित केले. हेतू उघड होता : तिथल्या माणसांचे दक्षिण आफ्रिकेचे नागरिकत्वच काढून घ्यायचे. डिसेंबर १९७७ मध्ये असा ‘स्वतंत्र’ झालेला एक भाग म्हणजे बोफुथात्स्वाना. त्याला संयुक्त राष्ट्रांनी मान्यता दिली नाही. दक्षिण आफ्रिकेत जुगाराला बंदी होती. या ‘परदेशात’ नव्हती. म्हणून सोल कर्झनर या हॉटेल व्यावसायिकाने १९७९ मध्ये तिथे सन सिटी उभारली : कॅसिनो, हॉटेल आणि पुढे हजारो आसनांचे प्रेक्षागृह.

४.
सन सिटीत गोरे आणि काळे शेजारी बसू शकत. हेच तिचे जाहिरातमूल्य होते. जागतिक कीर्तीचे कलावंत तिथे गायले की दोन गोष्टी एकदम साधत. ‘आमच्याकडे भेदभाव नाही’ हे जगाला दाखवता येई आणि ‘बोफुथात्स्वाना हा खरोखर वेगळा देश आहे’ या बनावाला प्रतिष्ठा लाभे. म्हणूनच बाहेरच्या कलावंतांना भरघोस मानधन मिळत असे. तिथे केवळ उभे राहून गाणे हेच एक राजकीय विधान होते, आणि त्याचा मोबदला ठरलेला होता.

५.
हे ठाऊक नव्हते, असे म्हणायला जागा नव्हती. भारताने १९४६ मध्येच दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला आणि तिथल्या भारतीयांच्या छळाचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत मांडला. १९६८ मध्ये आमसभेने सांस्कृतिक संबंध स्थगित करण्याचे आवाहन केले. डिसेंबर १९८० मध्ये लेखक, संगीतकार आणि खेळाडूंनी बहिष्कार पाळावा, असे स्पष्ट सांगितले. १९८३ पासून तिथे कार्यक्रम करणाऱ्या कलावंतांची यादीच प्रसिद्ध होऊ लागली. ब्रिटनमधील ‘म्युझिशियन्स युनियन’ने आपल्या सभासदांना तिथे वाजवण्यास मनाई केली होती.

६.
तरीही ऑक्टोबर १९८४ मध्ये ‘क्वीन’ सन सिटीत गेला. महाराष्ट्राला या बँडविषयी विशेष जिव्हाळा आहे आणि त्याचे कारणही खरे आहे. फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारुख बुलसारा, झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी मुलगा, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वाढला आणि ‘द हेक्टिक्स’ हा त्याचा पहिला बँड तिथेच जमला. पण जिव्हाळा म्हणजे माफीपत्र नव्हे. सन सिटीवर टीका होताच बँडने दिलेले उत्तर आजच्या आक्षेपकांच्या तोंडी शोभेल असेच होते : आम्ही राजकीय बँड नाही, ऐकायला येईल त्या प्रत्येकासाठी वाजवतो.

७.
त्या महिन्याचे पंचांग पाहावे. ऑगस्ट १९८४ मध्ये नव्या त्रिसदनी संसदेसाठी मतदान झाले. तीत गोरे, ‘कलर्ड’ आणि भारतीय यांची तीन वेगवेगळी सभागृहे होती; काळ्या बहुसंख्याकांना एकही नव्हते. ‘कलर्ड’ आणि भारतीय मतदारांतील बहुसंख्यांनी या निवडणुकीकडे पाठ फिरवली. ३ सप्टेंबरला, ही घटना अमलात आली त्याच दिवशी, शार्पव्हिल आणि सेबोकेंग या वस्त्या पेटल्या. १६ ऑक्टोबरला बिशप डेस्मंड टुटू यांना शांततेचे नोबेल जाहीर झाले. त्याच महिन्याच्या अखेरीस सुमारे ७,००० सैनिक आणि पोलीस सेबोकेंगमध्ये शिरले. याच ऑक्टोबरमध्ये, तिथून काही तासांच्या मोटार-अंतरावर, ‘क्वीन’चे प्रयोग चालू होते.

८.
बँडच्या बाजूने सांगितले जाणारे मुद्देही मांडायला हवेत. श्रोते मिश्र होते. बँडने तिथल्या कर्णबधिर आणि अंध मुलांच्या शाळेला मदत केली. ब्रायन मे युनियनच्या समितीपुढे स्वतः जाऊन आपली बाजू मांडून आला; तरी दंड झालाच आणि नाव संयुक्त राष्ट्रांच्या यादीत गेले. या मुद्द्यांत खोटे काही नाही. पण मिश्र प्रेक्षागृह हाच त्या दिखाव्याचा गाभा होता. ज्या कामगाराची वस्ती सैन्याने वेढलेली आहे, त्याला कॅसिनोच्या तिकिटाचे स्वातंत्र्य देऊन काय साधणार? आणि देणगीने शाळेचे भले झाले तरी ‘देशा’चा खोटेपणा खरा ठरत नाही.

९.
यातली विसंगती फ्रेडीच्या चरित्रातच आहे. १९६४ मध्ये झांझिबारमध्ये क्रांती झाली, अरब आणि भारतीय वंशाच्या लोकांवर हिंसाचार कोसळला आणि बुलसारा कुटुंबाला घरदार सोडून इंग्लंड गाठावे लागले. वंशाच्या शिक्क्याने माणसाचे काय होते, हे त्याला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. दक्षिण आफ्रिकेत भारतीय वंशाच्या माणसाची नोंद ‘आशियाई’ म्हणून होई आणि त्याची वस्तीही त्यावरून ठरे. फ्रेडी खलनायक नव्हता. पण ‘आम्ही फक्त गातो’ हे वाक्य इतक्या संवेदनशील माणसाला इतके आंधळे करू शकते, ही नोंद इतिहासाने ठेवलीच पाहिजे.

१०.
त्याच सुमारास आणखी एक रॉक वादक दक्षिण आफ्रिकेत फिरत होता : ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या ‘ई स्ट्रीट बँड’मधून बाहेर पडलेला स्टीव्हन व्हॅन झँट. त्याने परत येऊन निर्माता आर्थर बेकरबरोबर १९८५ मध्ये ‘सन सिटी’ हे गाणे केले. बॉब डिलन, माइल्स डेव्हिस, लू रीड, बोनो, जिमी क्लिफ, रन-डीएमसी असे रॉक, जॅझ, रेगे आणि रॅपमधले कलावंत एकत्र आले. आशय एवढाच : आम्ही तिथे वाजवणार नाही. दक्षिण आफ्रिकेत त्यावर बंदी आली, आणि खुद्द अमेरिकेतील अनेक रेडिओ केंद्रांनीही ते टाळले. त्या काळी दुष्काळग्रस्तांसाठीची गाणी दिवसरात्र वाजत होती. फरक असा की भुकेविषयी गाताना कोणाचे नाव घ्यावे लागत नव्हते. इथे सत्तेचे नाव घ्यावे लागत होते.

११.
आता श्रद्धांजलीकडे वळू. ‘एखाद्याला आदरांजली वाहणे ठीक, पण त्यात राजकारण कशाला?’ असा सौम्य आक्षेपही असतो. स्टीव्ह बिको १२ सप्टेंबर १९७७ रोजी पोलिसांच्या ताब्यात असताना मरण पावले. वय अवघे ३० वर्षे. मंत्री जिमी क्रुगर यांनी प्रथम उपोषणाचे कारण पुढे केले; प्रत्यक्षात मृत्यू मेंदूला झालेल्या इजांमुळे झाला होता. चौकशीत कोणालाही दोषी धरले गेले नाही. पीटर गॅब्रिएलने १९८० मध्ये ‘बिको’ हे गाणे प्रसिद्ध केले. त्याची सुरुवात आणि शेवट बिकोंच्या अंत्यसंस्कारात गायल्या गेलेल्या गाण्यांच्या ध्वनिमुद्रणाने होतो. प्रयोगात गॅब्रिएल हे गाणे अखेरीस ठेवी. वादक एकेक करून निघून जात आणि शेवटी फक्त ढोल उरे.

१२.
या गाण्यातून ‘राजकारण’ वजा करून नुसती श्रद्धांजली शिल्लक ठेवता येईल का? ज्या माणसाच्या मृत्यूविषयी सरकार खोटे बोलते, त्याचा मृत्यू कुठे आणि कसा झाला हे खरे सांगणे म्हणजेच राजकारण. दक्षिण आफ्रिकेत तर बंदी घातलेल्या व्यक्तीचे शब्द छापणे गुन्हा होता. नेल्सन मंडेला यांचे छायाचित्र वर्तमानपत्रांत येऊ शकत नव्हते. तरुणांच्या एका पिढीला त्यांचा चेहराच माहीत नव्हता. अशा देशात कैद्याचे नुसते नाव उच्चारले, की श्रद्धांजली आणि निषेध यांच्यातली भिंत आपोआप पडते.

१३.
देशात राहून ती भिंत पाडणाऱ्यांमध्ये जॉनी क्लेगचे नाव ठळक आहे. या गोऱ्या तरुणाने झुलू भाषा आणि नृत्य आत्मसात केले, सिफो म्चुनू या झुलू वादकाबरोबर ‘जुलुका’ हा मिश्र बँड उभारला आणि पोलिसांचा ससेमिरा सोसला. १९८७ मध्ये ‘सावुका’ या बँडबरोबर त्याने ‘असिम्बोनांगा’ केले. शब्दाचा अर्थ : ‘आम्ही त्यांना पाहिलेले नाही.’ गाणे मंडेलांविषयी आहे आणि त्यात मृतांची नावे येतात : स्टीव्ह बिको, १९८५ मध्ये हत्या झालेल्या वकील व्हिक्टोरिया म्क्सेंगे, १९८२ मध्ये कोठडीत मरण पावलेले डॉक्टर आणि कामगार कार्यकर्ते नील ॲगेट. नावांची ही यादी संगीतात घुसवलेली नाही. गाण्याचे प्रयोजनच ती आहे.

१४.
ब्रिटनमध्ये ‘द स्पेशल्स’चा जेरी डॅमर्स १९८३ मध्ये मंडेलांच्या ६५ व्या वाढदिवसानिमित्त लंडनमध्ये झालेल्या मैफलीला गेला. तोवर त्याला मंडेलांविषयी फारशी माहिती नव्हती. पुढच्याच वर्षी त्याने ‘फ्री नेल्सन मंडेला’ हे नाचता येईल असे गाणे दिले आणि ते ब्रिटनच्या पहिल्या दहांत पोचले. हा क्रम महत्त्वाचा आहे. एका मैफलीतल्या आदरांजलीने एका गीतकाराला जागे केले, आणि त्याच्या गाण्याने असंख्य मुलांना एका कैद्याचे नाव शिकवले. ‘मैफलीत राजकारण नको’ हा नियम पाळला गेला असता तर या साखळीची पहिली कडीच जुळली नसती.

१५.
११ जून १९८८. वेम्बली स्टेडियम, मंडेलांच्या ७० व्या वाढदिवसाचा सोहळा. निर्माता टोनी हॉलिंग्सवर्थ याने मुद्दाम ‘सुटका’ऐवजी ‘वाढदिवस’ हा शब्द पुढे ठेवला, कारण निषेधसभा कोणती दूरचित्रवाणी दाखवणार? चळवळीतल्या अनेकांना हे पाणी मिसळणे वाटले. ब्रिटनमध्ये हुजूर पक्षाच्या काही खासदारांनी बीबीसीच्या प्रक्षेपणालाच हरकत घेतली. आदल्या वर्षी पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी मंडेलांच्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसला दहशतवादी संघटना म्हटले होते. तरी प्रक्षेपण झाले, ६० हून अधिक देशांत. नवखी ट्रेसी चॅपमन त्या एका दिवसात जगाला ठाऊक झाली. गॅब्रिएलने ‘बिको’ गायले.

१६.
अमेरिकेत ‘फॉक्स’ वाहिनीने हाच कार्यक्रम ‘फ्रीडमफेस्ट’ या नावाने दाखवला, म्हणजे शीर्षकातून मंडेलाच गायब. कलावंतांच्या बोलण्यातला राजकीय भागही कापला गेला आणि सहभागी कलावंतांनी त्यावर जाहीर संताप व्यक्त केला. ‘फक्त गाणी’ ही मागणी पूर्ण झाली की काय उरते, त्याचा हा नमुना. वाढदिवसाचा सोहळा आहे, पण तो माणूस वाढदिवसाला घरी का नाही, हे विचारायचे नाही. याला तटस्थता म्हणत नाहीत. याला संपादन म्हणतात, आणि संपादन कोणाच्या तरी सोयीसाठी केलेले असते.

१७.
प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा आता घेऊ. रंगमंचावरून दिलेला प्रत्येक संदेश उदात्त असतो का? मुळीच नाही. ५ ऑगस्ट १९७६ रोजी बर्मिंगहॅममध्ये एरिक क्लॅप्टनने भर कार्यक्रमात परदेशी वंशाच्या लोकांविरुद्ध शिवीगाळ केली आणि स्थलांतरविरोधी राजकारणी इनॉक पॉवेल यांची भलामण केली. दोनच वर्षांपूर्वी त्याने बॉब मार्लीच्या गाण्यावर अमेरिकेत अव्वल क्रमांक मिळवला होता. तेव्हा ‘संदेश’ या शब्दात पावित्र्य नाही. पण क्लॅप्टनला उत्तर कसे मिळाले, हेही पाहावे. छायाचित्रकार रेड साँडर्स आणि मित्रांनी संगीतविषयक नियतकालिकांना पत्र लिहिले, त्यातून ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ उभे राहिले आणि ३० एप्रिल १९७८ रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये ‘द क्लॅश’, ‘स्टील पल्स’ यांना ऐकायला हजारोंचा जमाव आला.

१८.
याचा अर्थ असा की विखारी बोलण्याला उतारा मौनाने मिळाला नाही. अधिक स्पष्ट, अधिक खऱ्या बोलण्याने मिळाला. आणि काळाचा विनोद पाहा : १९८८ मध्ये वेम्बलीवर, मंडेलांच्या सोहळ्यात, ‘डायर स्ट्रेट्स’च्या साथीला गिटार घेऊन एरिक क्लॅप्टनच उभा होता. रंगमंच माणसांची पापे धूत नाही. पण तो कोणाच्या बाजूने उभा केला आहे, हे त्या दिवशी कोणालाही विचारावे लागले नाही.

१९.
दुसरा प्रामाणिक आक्षेप : बहिष्कारात निरपराधही भरडले गेले. पॉल सायमनने सन सिटीची निमंत्रणे नाकारली होती. पण १९८५ मध्ये जोहान्सबर्गला जाऊन त्याने काळ्या वादकांबरोबर ‘ग्रेसलँड’चे ध्वनिमुद्रण केले आणि चळवळीचा रोष ओढवून घेतला. लंडनमध्ये त्याच्या कार्यक्रमाबाहेर निदर्शने झाली. आत मात्र ह्यू मासेकेला आणि मिरियम मकेबा हे निर्वासित दक्षिण आफ्रिकी कलावंत त्याच्याबरोबर गात होते. जॉनी क्लेगला तर मायदेशात वाजवतो म्हणून ब्रिटिश युनियनने सभासदत्वातून काढले. हा अन्याय होता. पण या चुका राजकारण केल्याच्या नव्हत्या. जाड नियमाने सर्वांना एकाच मापाने मोजल्याच्या होत्या.

२०.
रॉक संगीताने वर्णभेद संपवला, हा दावाही भाबडा आहे. तो संपवला वस्त्यांतल्या उठावांनी, १९८३ च्या ‘युनायटेड डेमोक्रॅटिक फ्रंट’ने, १९८५ मध्ये उभ्या राहिलेल्या ‘कोसाटू’ या कामगार महासंघाने, आर्थिक निर्बंधांनी आणि शीतयुद्धाच्या शेवटाने. गाण्यांचे काम मर्यादित होते, पण खरे होते : त्यांनी एका कैद्याचे नाव विसरू दिले नाही. ११ फेब्रुवारी १९९० रोजी मंडेला सुटले आणि १६ एप्रिलला वेम्बलीवर स्वतः आले. प्रेक्षक कित्येक मिनिटे उभे राहून टाळ्या वाजवत राहिले. त्यानंतर त्यांनी आभार मानले आणि निर्बंध चालू ठेवा, असे सांगितले. म्हणजे पुन्हा राजकारणच.

२१.
मग कसोटी कोणती? ‘राजकारण आहे की नाही’ ही नव्हे. तीन प्रश्न पुरेसे आहेत. सांगितले ते खरे आहे का? ज्यांच्या नावाने बोलले जाते, त्यांनी ते मागितले आहे का? आणि बोलणाऱ्याला त्याची काही किंमत मोजावी लागते की उलट मोबदला मिळतो? ‘बिको’ तिन्ही प्रश्नांना उतरते. क्लॅप्टनचे बर्मिंगहॅममधले बोलणे पहिल्याच प्रश्नाला पडते. सन सिटीतले ‘अराजकीय’ प्रयोग दुसऱ्या प्रश्नाला पडतात, कारण दक्षिण आफ्रिकेतल्या मुक्तिसंग्रामाने नेमके उलट मागितले होते; आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मानधनाच्या करारातच होते.

२२.
‘क्वीन’चा उत्तरार्ध नोंदवायलाच हवा. फ्रेडी २४ नोव्हेंबर १९९१ रोजी एड्सने गेला. २० एप्रिल १९९२ रोजी वेम्बलीवर त्याला वाहिलेली आदरांजली ही एड्सविषयीच्या भीती आणि लाजेविरुद्धची जाहीर सभाच होती. उत्पन्नातून ‘मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट’ उभा राहिला. २९ नोव्हेंबर २००३ रोजी ब्रायन मे आणि रॉजर टेलर केप टाऊनमध्ये ‘४६६६४’ या एड्सविरोधी मैफलीत वाजवत होते. ४६६६४ हा मंडेलांचा तुरुंगातला क्रमांक. त्यांच्याच देशाचे सरकार एड्सच्या औषधोपचाराबाबत वर्षानुवर्षे टाळाटाळ करत असताना त्यांनी हा क्रमांक या कामासाठी दिला होता. ज्या देशात १९८४ मध्ये ‘आम्ही राजकीय नाही’ म्हटले, त्याच देशात १९ वर्षांनी त्या बँडचे वादक एका माजी कैद्याच्या हाकेला ओ देऊन उभे राहिले.

२३.
१९९९ मध्ये फ्रँकफर्टला जॉनी क्लेग ‘असिम्बोनांगा’ गात असताना मागून एक वृद्ध गृहस्थ नाचत रंगमंचावर आले. ते नेल्सन मंडेला होते. ‘आम्ही त्यांना पाहिलेले नाही’ असे सांगणारे गाणे त्या क्षणी खोटे ठरले, आणि ते खोटे ठरावे यासाठीच ते लिहिले गेले होते. ‘फक्त गिटार वाजवा’ म्हणणाऱ्यांनी ते चित्रीकरण अवश्य पाहावे, आणि या गाण्यातून नेमके कोणते शब्द वगळायला हवे होते, ते सांगावे.